जखम भरतेय की चिघळतेय? हातापायाला जबर लागल्यावर घरच्यांनी काय बघायचं

हाताला-पायाला जबर लागलं की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: 'टीटी घेतलं का?' घेतलं म्हटलं की सगळे निश्चिंत. पण ते इंजेक्शन फक्त धनुर्वातापासून वाचवतं. जखमेत पू होणं, पाय सुजून लालबुंद होणं, संसर्ग रक्तात उतरणं, यातलं काहीही टीटीने थांबत नाही. सर्जरीच्या वॉर्डात नर्स म्हणून काम करताना हा गैरसमज इतक्यांदा ऐकलाय, की नातेवाइकांशी बोलायला मी आता सुरुवातच तिथून करते.

ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणाला मोठी जखम झाली आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाइकवरून पडून, गर्दीत लोकलमधून उतरताना, वर्कशॉपच्या मशीनवर, पावसात गटाराच्या उघड्या झाकणात पाय जाऊन. औषधांची नावं पाठ करू नका, ते डॉक्टरांचं काम. तुम्ही बघायला शिकायचं ते एवढंच, की जखम कालच्यापेक्षा आज कुठल्या दिशेने चालली आहे आणि किती वेगाने.

लागल्या लागल्या

रक्त वाहत असेल तर आधी ते थांबवा. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने दाबा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं तशीच धरा. 'थांबलं का बघू' म्हणून मध्येच कापड उचललं की धरलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. दाबूनही धार थांबत नसेल तर धुण्याच्या भानगडीत पडू नका, दाबत दाबतच निघा.

रक्त आटोक्यात आल्यावर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली पाच-दहा मिनिटं धुवा. आजूबाजूच्या कातडीला साबण लावा. मुंबईत पालिकेचं पिण्याचं पाणी यासाठी चालतं. पावसाळ्यात नळाला गढूळ आलं तर उकळून गार केलेलं घ्या. खडी, माती, रस्त्यावरचा काळा कचरा जितका सुरुवातीला निघून जाईल तितका पुढचा त्रास कमी. नुसत्या पाण्याने होतं ते काम कुठल्याही मलमाने होत नाही.

मग हळद. यावरून घराघरात वाद होतात, म्हणून कारण सांगते. जखमेत दाबलेली हळद धुऊन काढताना पेशंटला परत तेवढंच दुखतं, आणि सगळं पिवळं झाल्यामुळे कातडी लाल झालीय का, काळी पडतेय का, हे कळतच नाही. कॉफी पावडर, तंबाखू, टूथपेस्ट, चुना, डिझेल, यांची तर बातच सोडा. डेटॉल न मिसळता ओतणं आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस काढत बसणं, याने जंतूंबरोबर भरून यायला आलेल्या पेशीही मरतात. धुतल्यावर वर स्वच्छ गॉज आणि सैलसर पट्टी, बस्स.

काच, सळई, लाकडाचा तुकडा खोल रुतला असेल तर उपसू नका. हाड दिसत असेल किंवा मोडलेल्या जागेवर कातडी फाटली असेल, तर ते उघडं फ्रॅक्चर. हाड आत ढकलायचं नाही, सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज वर ठेवायचं, हातपाय आहे त्या स्थितीत पुठ्ठा किंवा फळी लावून स्थिर करायचा आणि थेट मोठं रुग्णालय गाठायचं. अशा जखमेत शिरेतून अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासाभरात सुरू व्हावं असं मानतात. तो तास गल्लीतल्या दवाखान्यात 'दोन टाके घालून घेऊ' यात जाऊ देऊ नका.

आणि हो, टीटी. (आता बहुतेक ठिकाणी टीडी मिळतं, त्यात घटसर्पाचीही लस असते; धनुर्वातासाठी काम तेच.) लहानपणचा लसीचा कोर्स पूर्ण झालेला असेल तर साध्या स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसला १० वर्षं होऊन गेल्यावर, आणि माती-शेण-गटाराने माखलेल्या जखमेला ५ वर्षं होऊन गेल्यावर नवा डोस लागतो. लसच कधी घेतलेली नसेल आणि जखम घाण असेल, तर सोबत तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागतं. ते डॉक्टरांना विचारून घ्या.

टाके घातले नाहीत म्हणून भांडण

अपघात विभागात सगळ्यात जास्त आवाज चढतात ते इथे. 'एवढी मोठी जखम, आणि नुसती पट्टी बांधून ठेवली?' घाणीने भरलेली, चिरडलेली जखम वरून शिवून टाकली तर आतले जंतू कोंडले जातात. ज्यांना हवा लागत नाही तेच जंतू तिथे जोमाने वाढतात, आणि गॅस गँगरीन (स्नायू कुजवत आत वायू तयार करणारा संसर्ग) करणारे त्यातलेच. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या मातीने भरलेल्या जखमांवर हा धडा सर्जनांनी फार मोठी किंमत देऊन गिरवला. म्हणून मेलेलं मांस कापून काढायचं, जखम धुऊन न शिवता नुसत्या पट्टीखाली ठेवायची, आणि साधारण तीन ते पाच दिवसांनी ती स्वच्छ दिसली तर मगच शिवायची, अशी पद्धत आहे. घाणेरड्या जखमेला घाईने सुबक टाके घालून देणारा मला जास्त धोक्याचा वाटतो.

पेनाची रेष

हे काम घरच्या कुणालाही जमतं आणि त्याचा उपयोग खरोखर होतो. साधं बॉलपेन घ्या. जखमेभोवतीचा लालपणा जिथे संपतो तिथे कातडीवर कडेकडेने रेष ओढा, आणि रेषेच्या बाजूला तारीख व वेळ लिहा: 'मंगळ, रात्री ९'. मोबाइलने फोटो काढा, रोज त्याच दिव्याखाली, तेवढ्याच अंतरावरून. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. तिथे हाताची मागची बाजू टेकवून बघा, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतं का? कातडी ताणलेली, चकचकीत दिसते का? जिथे ऊब संपते तिथे रेष. दर चार-सहा तासांनी बघा, लाली रेष ओलांडून गेली की वाट बघणं संपलं.

पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, कडेला किंचित लाली, पट्टीवर पाण्यासारखा पिवळसर ओलावा, हे चालतं. दुखणं मात्र रोज थोडं उतरत गेलं पाहिजे. नेहमीचा पू होणारा संसर्ग बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी डोकं वर काढतो. तेव्हा 'काल बरं होतं, आज परत ठणकायला लागलं' हे वाक्य कानावर आलं, की पट्टी सोडून बघायची.

लाली पसरतेय, ठणका मारतोय, पू किंवा वास येतोय, कणकण आहे, जखमेपासून वर लाल रेघ चढतेय, काखेत किंवा जांघेत दुखरी गाठ आली (पायाच्या जखमेने जांघेत येते तिला आपल्याकडे अवधाण म्हणतात), यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. उद्याची ओपीडी नको.

दुखणं जखमेपेक्षा मोठं असेल तर

आता ज्या प्रकाराने माणसं हातपाय आणि जीव गमावतात त्याबद्दल थोडं सविस्तर.

काही जंतू कातडीखालच्या, स्नायूंवरच्या पातळ आवरणातून पसरतात. गाडीखाली लागलेली आग बॉनेटवर दिसेपर्यंत आतलं सगळं जळून गेलेलं असावं, तसं हे असतं. वरून कातडी जेमतेम लाल, आणि माणूस मात्र गडाबडा लोळतोय. डॉक्टर याला नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस म्हणतात. पहिली खूण हीच, की जखम दिसते त्याच्या मानाने दुखणं अफाट आहे. लालीच्या पलीकडे, जिथे कातडी साधी दिसते, तिथेही हात लावू देत नाही. काही तासांत सूज टणक होते, कातडी जांभळट-राखाडी पडते, पाण्याचे किंवा रक्ताळलेले फोड येतात. आणि मग एक फसवी पायरी येते: दुखायचं थांबतं. घरचे म्हणतात, 'गोळी लागू पडली.' खरं तर तिथली संवेदना नेणारी नस मेलेली असते. सूज आणि रंग वाढत असताना जागा बधिर झाली, तर तो सुधार समजू नका.

गॅस गँगरीनमध्ये सुजलेल्या भागावर बोटं दाबली की कातडीखाली बारीक कुरकुर जाणवते, कोरड्या पापडावर बोट फिरवावं तशी नव्हे, त्याहून बारीक, बोटाच्या टोकालाच कळेल एवढी. जखमेतून पातळ, तपकिरी, गोडसर-कुजका वास येणारं पाणी येतं. लागल्यापासून एक ते चार दिवसांत, कधी काही तासांतच, हे सुरू होऊ शकतं. म्हणून 'अजून तिसरा दिवस कुठे झालाय' हा हिशेब इथे चालत नाही.

याच वेळी दुखणं दाबणाऱ्या गोळ्यांचा मारा करण्यावर माझा राग आहे. तापही उतरतो, ठणकाही दबतो, आणि आतलं काम चालूच राहतं. कुठल्याशा दवाखान्यात 'पॉवरफुल' इंजेक्शन मारून घेतलेले आणि दोन दिवस झाकले गेलेले पाय आमच्याकडे येतात. गोळी घ्यायला लागलीच तर घेतल्याची वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

संसर्ग रक्तात उतरतोय याच्या खुणा जखमेवर दिसत नाहीत, माणसावर दिसतात. हुडहुडी भरून ताप, किंवा उलट अंग गार आणि चिकट. असंबद्ध बोलणं, गुंगी. लघवी फारच कमी. श्वास जलद: पूर्ण एक मिनिट छाती वर-खाली होताना मोजा, मोठ्या माणसात २२ किंवा त्याहून जास्त भरले तर गंभीर समजा. म्हातारी माणसं कित्येकदा तापतच नाहीत, नुसती घोटाळल्यासारखी वागतात. अशा वेळी १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला वेळ लागत असेल तर टॅक्सी-रिक्षा, जे मिळेल ते.

प्लास्टर असलेल्या पायाचं एक वेगळं. बोटं ताणून बघितली की जीव जातोय, बोटं गार, निळसर किंवा बधिर पडलीत, तर आतला दाब वाढलेला असू शकतो. हा संसर्ग नाही, पण हातात वेळ काही तासांचाच असतो. तेव्हाही लगेच निघा.

मधुमेह असेल तर वरचं अर्धं विसरा

ज्याच्या पायाला बरीच वर्षं मुंग्या येतात, चप्पल निघून गेली तरी कळत नाही, त्याला ठणका जाणवणारच नाही. 'दुखत नाही ना, मग बरंय' हे त्याच्या घरात बोलायचंच नाही. तिथे डोळे आणि नाक वापरा. मोजा ओला होतोय का, वास येतोय का, दोन बोटांच्या मध्ये काय आहे. तळवा त्याला स्वतःला दिसत नसेल तर खाली आरसा धरा. आणखी एक खूण घरीच मिळते: खाणं-औषध तेच असून साखर अचानक चढली, तर कुठेतरी संसर्ग शिजतोय असं धरून पाय तपासा. जखमेत खोल हाड लागत असेल तर संसर्ग हाडापर्यंत गेल्याची दाट शक्यता असते. यकृत खराब असलेले, डायलिसिसवरचे, केमो किंवा स्टिरॉइड चालू असलेले, यांनाही हाच नियम. आजची खूण, आजच डॉक्टर.

साचलेलं पाणी, मासळी, विसर्जन

मुंबईत राहायचं तर पावसाच्या पाण्यातून चालणं चुकत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची) साथ आली. उंदीर-गुरांच्या मुतातले जंतू पायावरच्या छोट्या चिरेतूनही आत जातात. म्हणून दर पावसाळ्यात पालिका सांगते, की साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्या. पायाला जखम असेल तर डोसचं गणित बदलतं, गरोदर बाई आणि लहान मुलांना औषधच वेगळं, त्यामुळे शेजाऱ्याच्या गोळ्यांची पट्टी तोडून घेऊ नका. ही गोळी लेप्टोसाठी असते. तिच्या भरवशावर जखमेचा पू सोडून देता येत नाही.

भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला काम करणाऱ्यांना माशाचा काटा टोचणं रोजचंच. पण समुद्राच्या कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात, आणि दारूने यकृत बिघडलेल्या माणसाच्या हातात ते एका दिवसात रक्ताळ फोड आणतात. काटा टोचल्यावर हात संध्याकाळपर्यंत मनगटाच्या वर सुजला तर डॉक्टरांना 'मासळीचा काटा' हे शब्द आवर्जून सांगा, कारण त्याने अँटिबायोटिकची निवड बदलते. २०१३ च्या विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी कित्येक भक्तांना डंख केला होता. तसं झालं तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, वेदना उतरतात. पण काट्याचा तुकडा आत राहू शकतो, म्हणून एक्स-रे हवा. गमबूट किंवा निदान बंद चप्पल घालून पाण्यात उतरलं तर बाप्पा रागावत नाहीत.

कुठे जायचं, काय सांगायचं

साध्या जखमेची पट्टी, टीटी, लेप्टोच्या गोळीचा सल्ला याला पालिकेचा जवळचा 'आपला दवाखाना' किंवा फॅमिली डॉक्टर पुरे. वर सांगितलेल्या गंभीर खुणा असतील तर जिथे चोवीस तास सर्जन आणि ऑपरेशन थिएटर आहे तिथेच जा: शीवचं सायन हॉस्पिटल, परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर, भायखळ्याचं जे. जे. घाटकोपरचं राजावाडी, जोगेश्वरीचं ट्रॉमा सेंटर हीसुद्धा आहेत. ओपीडीच्या रांगेत उभं राहू नका, थेट अपघात विभागात.

तिथल्या डॉक्टरांसमोर एका वेळी दहा माणसं असतात. 'पायाला लागलंय' म्हटलं तर तुम्ही रांगेत अकरावे. त्याऐवजी असं सांगा: 'रविवारी दुपारी बाइकवरून पडले, जखमेत गटाराचं पाणी गेलं. काल रात्री ९ ला ही रेष ओढली होती, आता लाली इथपर्यंत आलीय. दुखणं वाढतंय, सकाळपासून बरळतायत. शुगर आहे, पेनिसिलिनची ॲलर्जी नाही.' एवढं ऐकल्यावर कुठलाही निवासी डॉक्टर मान वर करून बघतो. चालू औषधांच्या पट्ट्या आणि आधीचे कागद पिशवीत घ्या. निघाल्यापासून पेशंटला काही खायला देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं.

अपघाताची केस असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) होते, पोलीस जबाब घेतात. त्याला घाबरून जखमेचं कारण बदलून सांगू नका. रस्त्यावर अनोळखी जखमीला उचलून आणणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं संरक्षण आहे, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतात, त्यांना गाठा. रस्ते अपघात असेल तर २०२५ पासून केंद्राची योजना आहे: अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत विनारोकड उपचार.

आत काय चालतं

सलाइन, शिरेतून अँटिबायोटिक, रक्ताच्या तपासण्या, आणि पू किंवा मांसाचा तुकडा कल्चरला, म्हणजे जंतू कुठला ते लॅबमध्ये वाढवून बघायला. कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर अंदाजाने औषध देतात आणि नंतर बदलतात. 'आधी चुकीचं दिलं' असा त्याचा अर्थ काढू नका. घरीच मेडिकलमधून दोन-दोन गोळ्या आणून खाल्ल्या असतील तर कल्चरमध्ये बऱ्याचदा काहीच उगवत नाही, आणि डॉक्टरांना अंधारात चाचपडावं लागतं.

पण गंभीर संसर्गात खरा उपचार सुरीचा. कुजलेल्या मांसात रक्त जात नाही, मग औषध तरी कसं जाणार? ते कापून काढावं लागतं, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघायला थिएटरमध्ये न्यावं लागतं. दुसऱ्यांदा नेतात तेव्हा नातेवाइकांचा धीर सुटतो. पहिल्यांदा नेतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा, पुन्हा कधी नेणार. पाय कापायचा निर्णय समोर आला तर हे प्रश्न विचारा: थांबलो तर किती तासांत काय होईल? कुठून कापणार, गुडघ्याखालून की वरून? गुडघा वाचला तर कृत्रिम पायाने चालणं खूप सोपं जातं. आणि गावाहून थोरले भाऊ येईपर्यंत सही थांबवायची असेल, तर त्या तासांत तोच गुडघा जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवा.

घरी परतल्यावर

अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करा. पाय छातीच्या वर राहील अशा दोन उशा. चाळीत सार्वजनिक संडासाला जाताना पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधा, आल्यावर लगेच काढा, आत घाम साचतो. पट्टी भिजली की बदला. 'जखमेला हवा लागू दे' म्हणून उघडी ठेवू नका. आणि भात-वांगं-आंबट खाल्ल्याने पू होतो, हे खरं नाही. अशा पथ्याने पेशंटची ताकद मात्र जाते. जखम भरायला डाळ, अंडी, मासे, दूध भरपूर हवं. तंबाखू आणि विडीने मात्र जखम खरोखर रेंगाळते.

हाडात सळई किंवा प्लेट बसवली असेल तर जखम भरून काही महिने, कधी वर्षं उलटल्यावर काहींना त्याच जागी छोटं भोक पडतं, थोडा पू येतो, आपोआप बंद होतं आणि पुन्हा फुटतं. वर मलम चोपडून ते बरं होत नाही, कारण मूळ हाडात असतं. ऑर्थोच्या ओपीडीला जाताना डिस्चार्ज कार्ड आणि जुने एक्स-रे घेऊन जा, नाहीतर सगळं पहिल्यापासून काढावं लागतं.